खिचडीचा तांदूळ आणि माझं अंग

माझं अक्षर ओळ सोडून खाली उतरतं, आणि वेलांटी कुठं पहिली द्यायची नि कुठं दुसरी, हे मला चौथीत असतानाही कळत नव्हतं. चौथीनंतर तर शाळाच सुटली. त्याबद्दल आधीच माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण ही वही मी कोणाला दाखवणार नाही. पण मला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं जातं. बोलायला लागलं की समोरचा माझ्याकडे पाहतो, आणि माझ्याकडे पाहणारा आधी माझं अंग पाहतो.

मी जाड आहे. लहानपणापासून आहे. माझी आई जाड होती, तिची आई पण. आमचं माहेर सालेकशाकडचं, जंगलाला लागून. घरात धान कमी आणि खाणारे जास्त, त्यामुळे आम्ही खाऊन जाड झालो असं कोणी म्हणत नसे. शेजारी एवढंच म्हणत, यांचं घराणंच भरल्या अंगाचं आहे.

आजीचं अंग वर्षातून दोनदा बदलायचं, हे मला चांगलं आठवतं. दिवाळीला नवीन धान घरात आलं की ती भरत जायची. भादव्यात कोठी रिकामी व्हायची, तेव्हा चैतात वाळवून ठेवलेली मोहाची फुलं उकडून खायचो. त्या महिन्यांत आजी उतरायची. दंडाची कातडी लोंबायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. पण ती कामाला उभी राहायची. बारीक बाया त्या दिवसांत अंथरुणाला लागत. तिच्या लहानपणी सलग दोन वर्षं धान झालं नव्हतं, तेव्हा घरातली पाच-सहा लेकरं गेली. आजी आणि तिची एक बहीण राहिली. दोघी गुबगुबीत होत्या, असं ती सांगायची. त्यात काही अर्थ असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

लग्न होऊन मी आमच्याच भागातल्या गोरेगावकडच्या गावात आले. घरात मोठी जाऊ होती. ती काडीसारखी. आम्ही दोघी एकाच चुलीवर रांधायचो, एकाच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणा करायचो, एकाच भांड्यातलं खायचो. तिच्या अंगावर काही चढायचं नाही आणि माझ्या अंगावरचं उतरायचं नाही. पहिल्या वर्षी बाया तिला विचारायच्या, "काऊन वं, लहानी तुया वाटचंबी खाते काय?" जाऊ म्हणायची, "खाऊ द्या न. माया पोटात ठेवाले जागा कुठं हाय?" आणि सगळ्या हसायच्या. मी पण हसायची, कारण न हसलं तर बोलावं लागलं असतं.

मग शाळेत पोरांना खिचडी शिजवून द्यायचं सुरू झालं. ते काम आमच्या बचत गटाला मिळालं आणि गटानं ते आम्हा दोघी जावांना दिलं. मानधन थोडं होतं, पण ते माझ्या हातात पडणारे पहिले पैसे होते. माझी पोरगी त्याच शाळेत तिसरीत होती. डाव घेऊन मी ओट्यावर उभी राहायची आणि ती रांगेत ताट पुढे करायची, त्या वेळी तिच्या ताटात एक डाव जास्त टाकायचा मोह व्हायचा. मी कधी टाकला नाही. सगळे पाहत असतात, हे मला माहीत होतं.

तांदूळ शाळेतून पोत्यानं मिळायचा. रोज किती पोरं आली ते गुरुजी सांगायचे, त्यावरून किती किलो शिजवायचा ते ठरायचं. काटा नव्हता. गटाच्या अध्यक्षीणबाईनं आपल्या घरचं लोखंडी माप आणून दिलं होतं. "यात दोन किलो बसते, माया सासऱ्याच्या वेळेपासून," ती म्हणाली. त्या मापानं त्यांच्या घरी कापणीच्या वेळी मजुरांना धान मोजून देत. माप साऱ्या गावाच्या ओळखीचं होतं. आम्ही त्यानंच मोजायला लागलो.

पहिल्या महिन्याच्या शेवटी तांदूळ सात-आठ दिवस आधी संपला. गुरुजी म्हणाले, पोतं कमी आलं असेल. दुसऱ्या महिन्यात पोतं राशन दुकानाच्या काट्यावर मोजून घेतलं, तरी आधीच संपला. तिसऱ्या महिन्यात गुरुजींनी गटाला निरोप पाठवला की कमी पडलेला तांदूळ तुम्ही भरून द्या, नाही तर मला वर कळवावं लागेल.

गटाची बैठक अध्यक्षीणबाईच्या छपरीत भरली. जाऊ त्या दिवशी माहेरी गेली होती. मी कोपऱ्यात, खांबाला टेकून बसले होते. तांदूळ कुठं जातो यावर बराच वेळ बोलणं झालं. उंदीर असतील, गुरुजी नेत असतील, पोतं फाटकं असेल. मग अध्यक्षीणबाई बोलली.

"अवं, तांदूळ कुठं गेला म्हून कोणाले इचाराव लागते काय? पाहा न, समोर बसून हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी तरी फसकन हसलं. एकजण म्हणाली, "आपणबी तेच राशनचं खातो बाई. आपल्याले काऊन नाई चढत?"

मला बोलायचं होतं. मी खात नाही, पोरांचं जेवण झाल्यावर उरलं तर दोघी जावा दोन घास खातो, एवढंच सांगायचं होतं. माझी मान खाली गेली ती वर आली नाही. अध्यक्षीणबाईनं ठरवून टाकलं, तांदूळ गट विकत घेऊन भरेल आणि पैसे माझ्या मानधनातून कापले जातील. "नाई खाल्लं असतं त बोलली असती," ती म्हणाली. त्यावर बैठक उठली.

जाऊ माहेराहून परत आली आणि तिला कळलं, तेव्हा तिनं हातातली पिशवी खाली आपटली.

"तोंडात का चिखल भरला होता काय तुया? मी रोज तुया बाजूले बसतो, मले बलवाव न!"

"तुमी नव्हत्या, बाई."

"मी नव्हती त तू त होती!"

मालक म्हणाले, "सोडून दे ते काम. लोकायचं बोलणं कायले आयकून राहिली?" मी म्हटलं, सोडलं तर चोर ठरते. एवढं बोलून मी चुलीपुढे बसले. काम सोडायचं नाही हे मी त्या दिवशी ठरवलं. कसं टिकायचं ते मात्र ठरलं नव्हतं.

मला एकच उपाय सुचला, बारीक व्हायचं. अंगच नसलं तर बोट कशाला दाखवतील. मी एक वेळ जेवायला लागले, तेही अर्धं. रोवण्याचे दिवस होते. सकाळी बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावायचे, मग शाळेत खिचडी, मग परत बांधी. डोळ्यांपुढे काळं यायचं, हातपाय गार पडायचे. एकदा पऱ्ह्यांची जुडी हातात धरूनच मी चिखलात बसले ती मला उठताच येईना. जाऊनं काखेत हात घालून ओढलं आणि धुऱ्यावर, बांधीच्या काठाला, बसवलं. एवढं करून माझं लुगडं कमरेला तेवढंच घट्ट बसत होतं.

त्याच आठवड्यात पोरगी शाळेतून ताट कोरडंच घेऊन आली. दोन-तीन दिवस मी पाहत होते, ती रांगेतच दिसत नव्हती. मी विचारलं तर आधी सांगेना. मग म्हणाली, "वर्गातल्या पोरी म्हणते तुयी माय आमचा भात खाते. मी नाई खात तिथं." ती दिवसभर उपाशी बसत होती. अंगानं ती माझ्यावरच गेली आहे. मला दिसलं की उद्या हिलाही कोणी तरी कोपऱ्यात बसवून असंच बोट दाखवेल, आणि ही पण मान खाली घालेल, कारण मी घातली होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पोटभर जेवायला लागले. लपून नाही. जाऊला म्हटलं, बाई, आजपासून आपण दोघी एकाच ताटात जेवायचं. घरी पण आणि शाळेत पण. शाळेत ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल असं बसायचं.

"एका ताटात? लोकं म्हणन दोघी जावा येड्या झाल्या."

"म्हणू द्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण मी कोणाला 'म्हणू द्या' असं कधी म्हटलं नव्हतं. मग तिनं ताट घेतलं.

आम्ही तसं पुष्कळ दिवस जेवलो. ताटाच्या मधोमध बोटानं रेघ ओढायची, अर्धं तिचं, अर्धं माझं. कधी तिनं भात संपवून माझ्या बाजूला हात घातला तर मी घालू द्यायची. येणारे-जाणारे पाहायचे, सायकलवरून उतरून पाहायचे. ती तशीच काडी राहिली आणि मी तशीच भरलेली. पण पाहून कोणाचं मत बदललं असं मला दिसलं नाही. पैसे कापणं चालूच होतं, तांदूळही संपतच होता.

पावसाळा सरताना शाळेत पोरांच्या तपासणीला सरकारी दवाखान्यातून डॉक्टर मॅडम आल्या. पोरांची वजनं झाल्यावर गटातल्या बाया हौसेनं वजनाच्या मशीनवर चढायला लागल्या. एक चढायची, दुसरी आकडा वाचायची, हसाहशी चालली होती. मी ओट्यावर भांडी घासत होते. अध्यक्षीणबाई मोठ्यानं म्हणाली, "तिले नोका चढवजा बाई, सरकारी मशीन हाय, मोडन त भरपाई द्या लागन."

मी हात धुतले, पदराला पुसले आणि मशीनवर जाऊन उभी राहिले.

"मॅडम," मी म्हटलं, "मायं वजन मोठ्यानं सांगा. आन मायावाल्या जेवनाचंबी वजन करा."

मॅडमना काही कळेना. तेव्हा जाऊ पुढे आली आणि तिनं तांदळापासून ताटापर्यंत सगळं सांगितलं, एका दमात. मॅडमनी मला खाली उतरून बसायला लावलं. रक्तदाब पाहिला, आईचं, आजीचं विचारलं. मी सांगितलं. भादव्याचंही सांगितलं. मग त्या बायांकडे वळून बोलल्या, आणि बोलल्या ते मला जसं कळलं तसं लिहिते.

त्या म्हणाल्या, उंची आणि रंग जसा आईबापाकडून येतो तसाच अंगाचा भरपणाही बराचसा येतो. सगळा नाही, बराचसा. माणसाचं शरीर फार जुन्या काळात घडलं. त्या काळी उद्या जेवण मिळेल याचा भरवसा नव्हता. ज्यांचं शरीर मिळालेलं जपून ठेवायचं ते उपासमारीत तगले, आणि त्यांच्या लेकरांकडे तेच शरीर आलं, असं काही जण मानतात. आता उपासमार पहिल्यासारखी येत नाही, पण शरीराला ते माहीत नाही. ते ठेवतच राहतं. आणि आपण जेवण तोडलं की त्याला वाटतं दुष्काळ आला, मग ते आणखी चिकट होतं, कमी खर्च करतं.

मला चिखलात बसले तो दिवस आठवला.

जाऊ म्हणाली, "मंग माया आजी-पणजीच्या घरी का रोज तूपभात होता काय, मॅडम? त्याबी उपाशीच होत्या. मी काऊन अशी?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न बाकीच आहे, म्हणून दुसरे लोक दुसरं सांगतात. फार पूर्वी जंगली जनावरांच्या भीतीत जाड माणूस पळू शकत नसे, म्हणून जास्त जाड शरीरं टिकली नाहीत. पुढे माणसाकडे आग आली, हत्यारं आली, ती भीती गेली, आणि मग कोणाचं अंग कसं निघेल याला धरबंध राहिला नाही. नक्की काय झालं हे अजून कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. "पण एकच घास दोन शरीरांत सारखा लागत नाही, एवढं पक्कं आहे. जाड दिसली म्हणजे चोरून खाते, असं डॉक्टरही म्हणू शकत नाही."

"म्हंजे हिच्या घराण्याच्या मांगं दुष्काळ लागला," जाऊ म्हणाली, "आन माया घराण्याच्या मांगं वाघ."

सगळ्या हसल्या, अध्यक्षीणबाई पण. हसता हसता ती म्हणाली, "ते सारं ठीक हाय. पण तांदूळ त कमी पडते न, मॅडम? तो का वाघानं खाल्ला?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. अंगाचं कारण कळलं होतं, तांदळाचं नाही. मी पुन्हा म्हटलं, माझ्या वाटचा मोजा. मॅडम म्हणाल्या, या मशीनवर ताटाचं वजन कळणार नाही. तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी लेकरांना झोळीत घालून मोजायचा काटा आणला. तो शाळेच्या छपराच्या लाकडाला टांगला. झोळीत लेकराच्या जागी तांदूळ, याचंच सगळ्यांना हसू येत होतं.

"शिजलेला कायले मोजता," अध्यक्षीणबाई म्हणाली, "कच्चाच मोजा, काटा खरा हाय का तेबी कळन. हे घ्या दोन किलो." आणि तिनं आपलं माप तांदळानं भरून, वरून हातानं सपाट करून, झोळीत ओतलं.

काटा दोनवर थांबला नाही. पुढे गेला, तीनच्या जवळ जाऊन डोलत राहिला.

"काटा बिघडला हाय," ती म्हणाली.

अंगणवाडीच्या बाईंना राग आला. "बिघडला कसा? कालच पोरं मोजली."

अध्यक्षीणबाईनं तांदूळ काढून पुन्हा मोजला. पुन्हा तेवढाच. मग ती रस्ता ओलांडून आपल्या घरी गेली आणि टोपलीत धान घेऊन आली. तेच माप धानानं भरलं, सपाट केलं, झोळीत ओतलं. काटा दोनवर येऊन थांबला.

टरफलासकट धान हलकं आणि कांडलेला तांदूळ जड, हे आमच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं असं नाही. आम्ही जन्मभर धान आणि तांदूळ डोक्यावर वाहिले आहेत. मलाही माहीत होतं, आणि रोज माप भरणारे हात माझेच होते. पण ते माप दोन किलोचं, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, आणि तांदूळ गेला कुठं याचं उत्तर माझ्या रूपानं समोर बसलेलं होतं, म्हणून मापाकडे कोणी पाहिलंच नाही. रोज आम्ही हवा त्यापेक्षा जास्त तांदूळ शिजवत होतो. पोरं दोनदा घेत होती, कुंपणाजवळ उभी असलेली त्यांची लहान भावंडं खात होती. तांदूळ पोरांच्याच पोटात गेला होता.

अध्यक्षीणबाईनं माप उचललं, पदराखाली घेतलं आणि घरी गेली. मॅडमनी जाताना मला वर्षातून एकदा साखर तपासायला सांगितली, उपास करू नको म्हणाल्या, पण गोड चहा कमी कर म्हणाल्या. मी तो केला. अंग फार उतरलं नाही.

पुढे मी आजीबद्दल पुष्कळ विचार केला. तिच्या अंगाला जमा करायचे महिने होते आणि खर्च करायचेही. माझ्या घरी राशनचा तांदूळ बाराही महिने येतो. ते चांगलंच आहे, माझ्या पोरीनं उकडलेला मोह खाऊन भादवा काढावा असं मला वाटत नाही. पण माझं अंग आजीचंच आहे, ते अजून भादव्याची वाट पाहत जमा करत बसलं आहे. त्याचा मला आता राग येत नाही.

दोन दिवसांनी अध्यक्षीणबाई संध्याकाळी आमच्या दारात आली. पदराच्या गाठीत पैसे होते. "हे ठेव," ती म्हणाली, "सारे नाई, जमले तेवढे. कोणाले सांगू नको."

माझा हात पुढे गेला नाही. मी म्हटलं, "बाई, बैठकीत कापले, बैठकीतच द्या."

"अवं, पैसे त पैसेच होय. इथं घेतले काय न तिथं घेतले काय?"

"तिथंच द्या."

ती रागावून गेली. मालक म्हणाले, "घेऊन घेतले असते त काय झालं असतं? आता नाई देत ते." मलाही रात्रभर तसंच वाटत होतं. पण पोरगी दारामागे उभी राहून ऐकत होती आणि मी ते पाहिलं होतं.

पुढची बैठक झाली. मी या वेळी खांबाजवळ नाही, जाजमाच्या मधे बसले. जाऊ माझ्या बाजूला. बचतीचं बोलणं झालं, एकीच्या बकऱ्यांच्या कर्जाचं झालं, आणि अध्यक्षीणबाई उठायला लागली. मी बोलले. आवाज इतका बारीक निघाला की जाऊला ते पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं, "लहानी म्हणते, तिचे पैसे बाकी हाये."

अध्यक्षीणबाई परत बसली. मग म्हणाली, "माप माया घरचं होतं. हिच्यावर आपण नाहक आळ घेतला. पैसे गट देईल. पण आता पेटीत नाई, बकऱ्यावालीनं फेडले का देऊ." 'आपण' म्हणाली, 'मी' नाही. माझं तेवढ्यात भागलं.

दुसऱ्या दिवशी पोरगी रांगेत उभी राहिली. तिच्या पुढे-मागे कोणी काही बोललं का, ते मला ओट्यावरून ऐकू आलं नाही. तिनं ताट पुढे केलं, मी एक डाव टाकला.

पैसे एकदम आले नाहीत. दर बैठकीला थोडे यायचे, कधी काहीच नाही. मी एकही बैठक चुकवली नाही. आधी मी बैठकीत खांबाजवळची जागा शोधायची. आता जाऊन मधे बसायची आणि निघताना विचारायची, माझे आज किती? बाया म्हणायच्या, "लहानी लई बोलाले लागली बाप्पा." धान कापून झालं, कोठीत गेलं, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला नि गेला. शाळा पुन्हा सुरू झाली त्या महिन्याच्या बैठकीत अध्यक्षीणबाईनं पेटी उघडली, नोटा बाहेर काढल्या आणि सगळ्यांपुढे माझ्या हातात दिल्या. मी मोजल्या, जाऊला मोजायला दिल्या, मग सही केली. माझे कापलेले सगळे पैसे परत आले होते.